कैद आधी, खटला कधीतरी

२०२५ च्या जुलैत मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. ३१ जुलैला राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. त्यामुळे व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या लोकांना एक निकाल पटला, उरलेल्यांना दुसरा. दोन्ही पटले किंवा दोन्ही खटकले असं म्हणणारे फारच थोडे भेटले.

"मग स्फोट केले कोणी?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला आणि तो रास्तच आहे. पण आमच्या इमारतीतले एक काका, आयुष्यभर पश्चिम रेल्वेच्या लोकलने चर्चगेट गाठलेले, त्यांना पडलेला प्रश्न निराळा होता. "शिक्षा होण्याआधी माणसाला नऊ-नऊ वर्षं आत ठेवता येतं? कुठल्या कायद्यात?"

लोकलच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप दिली होती, म्हणजे त्यापुढची दहा वर्षं ते शिक्षा झालेले कैदी होते. (उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही असं त्या न्यायालयाने लगेच सांगितलं, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.) पण २००६ ते २०१५ ही नऊ वर्षं कोणत्या खात्यात धरायची? तेरावा आरोपी २०१५ मध्येच निर्दोष सुटला होता. त्याची तर ती नऊच्या नऊ वर्षं शिक्षेविनाच गेली. मालेगावच्या खटल्यातले लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित २००८ मध्ये अटक झाले, जामिनावर सुटले ऑगस्ट २०१७ मध्ये. तिथेही जवळपास नऊच वर्षं.

काकांना उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की ते एका वाक्यात मावणारं नाही.

आत ठेवायचे दोन रस्ते

बिनखटल्याची कैद आपल्याकडे दोन दारांनी येते, आणि सगळा गोंधळ ही दोन दारं एकच समजण्यातून होतो.

पहिलं दार स्थानबद्धतेचं. ही बातमी तुम्ही शंभरदा वाचली असेल: गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की "सराईत गुंड एमपीडीएखाली एका वर्षासाठी स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी". एमपीडीए हा धोकादायक गुंडांना आवरण्यासाठीचा महाराष्ट्राचा कायदा. त्याखाली धरलेला माणूस जे करून बसला त्यासाठी आत जात नाही, पुढे जे करील अशी भीती आहे त्यासाठी जातो. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात. कोर्टात गुन्हा शाबित करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण गुन्हा अजून घडलेलाच नसतो. देशाच्या सुरक्षेचा मामला असेल तर हेच काम १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका, करतो.

दुसरं दार कच्च्या कैद्याचं. इथे गुन्हा नोंदलेला असतो, आरोपपत्र असतं, खटला होणार असतो. फक्त तो होईपर्यंत जामीन मिळत नाही. कागदावर ही बिनखटल्याची कैद नाहीच. खटला आहे ना, चालायचाय फक्त! पण आठ-नऊ वर्षं तो चाललाच नाही तर आत बसलेल्या माणसाला या दोन दारांतला फरक कसा कळणार?

पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली पाहिल्या असतील. टायर मातीत रुतलेले, सीटवर गवत उगवलेलं. त्या गाड्या कोणी भंगारात काढलेल्या नाहीत. 'मुद्देमाल' म्हणून खटला संपेपर्यंत जपून ठेवल्यात. कोर्टाने उद्या गाडी मालकाला परत करा म्हटलं तरी मालक काय घेऊन जाणार?

पुण्यातला १८९७ चा उन्हाळा

हा प्रकार नवा नाही, आणि महाराष्ट्राला तर जुनाच ओळखीचा आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारला कटाचा वास आला. जुलैअखेर एक-दोन दिवसांच्या अंतराने लोकमान्य टिळकांना आणि पुण्याच्या नातू बंधूंना पकडण्यात आलं. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. नातू बंधूंवर काहीच भरलं नाही. मुंबई इलाख्यात १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन होतं, त्याखाली सरकारला वाटलं की माणूस आत ठेवता येई, कारण सांगायची गरज नव्हती. त्यांची मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतली.

पुढे काय झालं पाहा. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ते सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधीच सुटले. रँडला मारणारे दामोदर चापेकर पकडले गेले, त्यांचा खटला झाला, १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. नातू बंधू तरीही आतच. ते सुटले १८९९ मध्ये. ज्याला शिक्षा झाली तो आधी बाहेर आला, आणि ज्यांच्यावर आरोपसुद्धा ठेवला नव्हता ते नंतर. शिक्षेला निदान तारीख असते.

मला या सगळ्या वादाचं मूळ इथे दिसतं. कैद वाईट की चांगली हा पुढचा प्रश्न. आधी विचारायचं ते हे: तिला शेवटची तारीख आहे का?

घटनेने स्वतःच हे दार ठेवलंय

बऱ्याच जणांना वाटतं की स्थानबद्धता म्हणजे घटनेला बगल देऊन केलेला प्रकार. तसं नाही. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाचा पहिला भाग सांगतो की अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, वकील घेऊ द्या. आणि त्याच अनुच्छेदाचा पुढचा भाग सांगतो की प्रतिबंधक स्थानबद्धतेला हे लागू नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच हक्क काढून घेण्याची सोय लिहून ठेवलेली घटना जगात फार सापडणार नाही. घटना लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः बिनखटल्याचे तुरुंगात बसून आले होते, हे विशेष. पण फाळणीच्या दंगली ताज्या होत्या, तेलंगणात बंदुका चालू होत्या, आणि १९५० सालीच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला.

मात्र घटनेने त्या दाराला कडी लावली. तीन महिन्यांच्या पुढे आत ठेवायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेल्यांच्या सल्लागार मंडळाने होकार द्यायला हवा. स्थानबद्धतेची कारणं माणसाला सांगायला हवीत आणि त्यावर त्याला म्हणणं मांडू द्यायला हवं. रासुका आणि एमपीडीए दोन्हींत वरची मर्यादा बारा महिन्यांची.

ही कडी कधीकधी खरंच अडते. नागपूरच्या एका माणसाला १९६१ मध्ये स्थानबद्ध केलं, कारणांचा कागद दिला इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हतं, हिंदीत द्या म्हणाला. प्रशासनाचं उत्तर, इंग्रजी ही कारभाराची भाषा आहे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. ज्या कागदावर उत्तर द्यायचं तो माणसाला वाचताच येत नसेल, तर म्हणणं मांडायची संधी दिली असं कसं म्हणायचं? आजही स्थानबद्धतेचे कितीतरी आदेश अशाच गोष्टींवर उडतात: कागद भलत्या भाषेत, अर्जाचा निकाल द्यायला उशीर, जुन्याच गुन्ह्यांची उजळणी. वर्तमानपत्रं त्याला 'तांत्रिक कारण' म्हणतात. खटलाच नाही तिथे त्या माणसाकडे तांत्रिक कारणांशिवाय दुसरं असतं तरी काय?

कधी ही कडी निखळतेही. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो लोक आत गेले. त्यांनी उच्च न्यायालयांत हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. हेबिअस कॉर्पस म्हणजे 'माणसाला कोर्टापुढे आणा आणि कशाखाली धरलाय ते सांगा' असं सरकारला विचारण्याचा हक्क. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की आणीबाणीत असं विचारता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले, आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलली गेली. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं, एक्केचाळीस वर्षांनी.

मागचं दार: यूएपीए

आता काकांच्या प्रश्नाकडे. दहशतवादाच्या खटल्यांत आज मुख्यतः वापरला जातो तो यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. मूळ १९६७ चा. तेव्हा तो फुटीरतावादी संघटनांसाठी होता. दहशतवादाविरुद्ध टाडा आणि पोटा असे खास कायदे होते. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच तरतुदी हळूहळू यूएपीएत येऊन बसल्या. जामिनाची कडक तरतूद आली २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये.

साध्या गुन्ह्यात पोलिसांना आरोपपत्र दाखल करायला साठ किंवा नव्वद दिवस मिळतात. नाही जमलं तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. यूएपीएत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. हा भाग तसा समजण्यासारखा आहे. दुबई-काठमांडूपर्यंत पसरलेला तपास तीन महिन्यांत उरकत नाही.

खरी गोम आहे कलम ४३ड च्या पोटकलम ५ मध्ये. एरवी जामीन देताना न्यायाधीश पाहतात की हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा तेच करील का. यूएपीएत त्याआधी एक भिंत उभी केलीय: केस डायरी आणि आरोपपत्र वाचून आरोप 'प्रथमदर्शनी' खरा वाटत असेल, म्हणजे खोलात न शिरता वरवर पाहता खरा वाटत असेल, तर जामीन द्यायचाच नाही.

आपल्याकडे स्थळ पाहताना बायोडेटा येतो. शहाणी माणसं तो वाचतात, मग गावात चौकशी करतात, ऑफिसातल्या ओळखीच्याला फोन लावतात, आणि मगच काय ते ठरवतात. आता समजा चौकशीला बंदी आहे. बायोडेट्यात लिहिलंय ते सगळं खरं धरून तिथल्या तिथे ठरवायचं. आणि तो बायोडेटा लिहिलाय मुलाशी जमिनीवरून भांडण असलेल्या चुलत्याने! जामिनाच्या वेळी आरोपीची गत साधारण हीच होते. आरोपपत्र लिहितात पोलीस. साक्षीदाराची उलटतपासणी, पुराव्याची पडताळणी हे सगळं खटल्यात होतं. आणि खटला तर पुढे आहे.

चौकशीला बंदी हा शब्द मी उगाच वापरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची फार चिकित्सा करू नका, एकेक कागद तपासू नका, सगळं एकत्र घेऊन चित्र काय दिसतं ते पाहा. त्यानंतर खालच्या न्यायालयांत जामीन मिळणं महाकठीण झालं.

मग फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीब प्रकरणात त्याच न्यायालयाने एक खिडकी उघडली. आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ आत होता आणि अडीचशेहून अधिक साक्षीदार तपासायचे बाकी होते. न्यायालय म्हणालं, खटला वाजवी काळात संपण्याची चिन्हं नसतील तर भिंत कितीही उंच असो, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाखाली, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काखाली, जामीन देता येतो. २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस प्रकरणात न्यायालयाने पुराव्याकडे निदान वरवर तरी पारखून पाहायला हवं असंही म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं की यूएपीएत तुरुंग हा नियम, जामीन अपवाद. ऑगस्ट २०२४ मध्ये तिसऱ्याने सांगितलं की विशेष कायद्यांतही जामीन हाच नियम.

गोंधळलात? वकीलही गोंधळतात. आज परिस्थिती अशी की एकाच कायद्याखाली, सारख्याच आरोपाखाली कोण किती वर्षं आत राहील हे बऱ्याच अंशी अर्ज कोणत्या खंडपीठापुढे लागतो यावर ठरतं.

"निर्दोष असेल तर सुटेलच की!"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा. सुटतो, खरंय. कधी, ते पाहायचं.

मालेगावातच ८ सप्टेंबर २००६ ला आणखी एक स्फोटमालिका झाली होती. नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली. त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळाला पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, आणि न्यायालयाने आरोपांतून मुक्त केलं एप्रिल २०१६ मध्ये. खटला चालून निर्दोष सुटले असंही नाही, खटला उभा राहण्याइतका पुरावाच नव्हता. तोवर साडेनऊ वर्षं उलटली होती.

केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेले आकडे असे: २०१८ ते २०२० या तीन वर्षांत यूएपीएखाली ४,६९० जणांना अटक झाली, आणि याच तीन वर्षांत शिक्षा झाली १४९ जणांना. हे १४९ त्याच ४,६९० पैकी असतील असं नाही, खटले मागाहून निकाली निघतात. तरीही आत जाणारी रांग आणि निकालाची रांग यांच्या वेगातला फरक यातून दिसतो.

आणि काहीजण सुटायला उरत नाहीत. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले फादर स्टॅन स्वामी पार्किन्सन्सने आजारी होते, हातात पेला धरवत नव्हता. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागितले. ५ जुलै २०२१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाचं अपील प्रलंबित असताना ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. माओवाद्यांशी संबंधाचा त्यांच्यावरचा आरोप खरा होता की खोटा? आता ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही, सरकारलाही नाही.

"मग काय, दहशतवादी मोकळे सोडायचे?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९४ मध्ये काश्मिरात पकडलेला मसूद अझहर १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारच्या विमान अपहरणात सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी त्याने जैश-ए-मोहम्मद उभी केली. एक चुकीचा माणूस बाहेर गेला तर किंमत काय पडते हे त्यानंतरची वर्षं सांगतात. दहशतवादाच्या खटल्यात साक्षीदार घाबरतात, पुरावा सीमेपलीकडे असतो, खबऱ्याचं नाव कोर्टात घेतलं तर तो दुसऱ्या दिवशी जिवंत राहत नाही. पोलिसांकडे पक्की माहिती असते पण कोर्टात टिकेल असा पुरावा नसतो, ही अडचण खोटी नाही.

म्हणून काही काळ कडक नियम असावेत, हे मला मान्य आहे. सहा महिने, वर्ष, दोन वर्षंसुद्धा. पण खबऱ्याला वाचवायचं तर साक्षीदाराची ओळख लपवता येते, बंद दाराआड साक्ष घेता येते. यूएपीएतच तशी तरतूद आहे. साक्षीदार घाबरतो म्हणून खटलाच दहा वर्षं सुरू करायचा नाही, यातून कोणता साक्षीदार वाचतो? उलट दहा वर्षांत तो विसरतो, मरतो, नाहीतर फितूर होतो. मालेगाव २००८ च्या खटल्यात सरकार पक्षाने ३२३ साक्षीदार तपासले, त्यांतले तीसहून जास्त फितूर झाले.

कसाबचं काय?

"कसाबसारख्याला कशाला पाहिजे खटला?" हे तेव्हा नाक्यानाक्यावर ऐकू यायचं. मला मात्र या सगळ्या वादात कसाबचा खटलाच सरकारच्या बाजूने सगळ्यात भक्कम दाखला वाटतो. नोव्हेंबर २००८ मध्ये पकडला, फेब्रुवारी २००९ मध्ये अकरा हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र, एप्रिलमध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात सुनावणी सुरू, ३ मे २०१० ला दोषी. उच्च न्यायालय २०११, सर्वोच्च न्यायालय ऑगस्ट २०१२, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. चार वर्षांत सगळं आटोपलं. जगात कोणालाही बोट ठेवायला जागा उरली नाही.

कॅमेऱ्यात सापडलेला माणूस होता, म्हणून खटला सोपा गेला, हे खरंच. पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायाधीशांना पटला नाही आणि मे २०१० मध्ये ते त्या खटल्यातून निर्दोष सुटले. खटला पटकन चालला म्हणून कसाबला फाशी झाली आणि त्याच वेगामुळे त्या दोघांचा निकालही दीड वर्षात लागला.

याच्या शेजारी अमेरिका ठेवा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणून खालिद शेख मोहम्मदला मार्च २००३ मध्ये पकडलं. वीस वर्षं उलटून गेली तरी ग्वांतानामोतल्या लष्करी न्यायालयात त्याचा प्रत्यक्ष खटला सुरू झालेला नाही. छळ करून काढलेल्या जबाबांचं करायचं काय, यावर तो बरीच वर्षं अडकला. जानेवारी २००२ मध्ये सुरू झालेल्या त्या तळावर एकूण ७८० च्या आसपास माणसं ठेवली गेली. शिक्षा झालेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांतल्या बहुतेकांना वर्षानुवर्षं ठेवून, आरोप न ठेवताच, परत पाठवलं.

ब्रिटननेही हा प्रयोग करून पाहिलाय. ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये पहाटे धाडी घालून एका दिवसात ३४२ जणांना उचललं. याद्या इतक्या जुन्या होत्या की शंभरावर लोकांना दोन दिवसांत सोडावं लागलं. १९७५ पर्यंत जवळपास दोन हजार माणसं बिनखटल्याची आत जाऊन आली. हिंसाचार थांबायचा राहिला बाजूला, वाढला. आज तिथे दहशतवादाच्या संशयिताला आरोप न ठेवता जास्तीत जास्त चौदा दिवस धरता येतं. आपले १८० दिवस आरोपपत्रासाठी आणि त्यांचे चौदा आरोप ठेवण्यासाठी, म्हणून सरळ तुलना करू नये. पण फरक लक्षात यावा इतका मोठा आहे.

खटले लांबतात कशाने?

सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं होता येत नाही. विशेष न्यायालयाचा रोजनामा वाचला की गाडी कुठे अडते ते दिसतं. 'आरोपींना हजर केले नाही, पोलीस गार्ड उपलब्ध नाही.' 'साक्षीदार गैरहजर.' 'बचाव पक्षाच्या वकिलांनी मुदत मागितली.' 'न्यायाधीश बदली.' प्रत्येक नोंदीखाली पुढची तारीख. एकेक ओळ महिनाभराची असते, आणि त्यात कुणाचाच कट नसतो.

मालेगाव २००८ चंच पाहा. तपास आधी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे (एटीएस), २०११ मध्ये एनआयएकडे. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कडक कायदा, लागतो की नाही यावर खालपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षं वाद. आरोपनिश्चिती, म्हणजे 'तुझ्यावर नेमके हे हे आरोप आहेत' असं न्यायाधीशांनी आरोपीला सांगणं, जिथून खटला खऱ्या अर्थाने सुरू होतो, ती झाली ऑक्टोबर २०१८ मध्ये. स्फोटानंतर दहा वर्षांनी. स्फोटात मेलेल्या सहा जणांच्या घरच्यांनाही तीच दहा वर्षं नुसतं थांबावं लागलं. ही गोष्ट 'आरोपींचे लाड' म्हणणाऱ्यांच्या हिशोबात कधीच येत नाही.

घड्याळ कुठे लावायचं?

आता त्या दोन दारांकडे परत येऊ. पुढचं दार, म्हणजे स्थानबद्धतेचं, उघडउघड अन्यायाचं दिसतं. गुन्हा नाही, खटला नाही, रासुकाच्या सल्लागार मंडळापुढे वकीलही उभा करता येत नाही. पण त्याला बारा महिन्यांचं कुलूप आहे. मागचं दार, म्हणजे कच्च्या कैद्याचं, रीतसर दिसतं. एफआयआर आहे, आरोपपत्र आहे, न्यायाधीश आहेत. आणि त्याला मर्यादाच नाही. संशयावर धरलेला माणूस बारा महिन्यांत बाहेर यायला हवा, आणि ज्याच्यावर रीतसर खटला आहे तो नऊ वर्षं आत राहू शकतो.

साध्या कायद्यात यावर उपाय आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर कच्च्या कैद्याला सोडा. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते त्याला हे लागू नाही. जुन्या संहितेत फक्त फाशीचे गुन्हे वगळले होते, नव्याने जन्मठेपही वगळली. यूएपीएची सगळी जड कलमं त्यामुळे बाहेरच राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने एकदा हे घड्याळ स्वतः लावलं होतं. १९९६ मध्ये टाडाखाली कुजत पडलेल्या कैद्यांबद्दल न्यायालयाने सरसकट नियम न करता वर्ग पाडले. सगळ्यात धोकादायक वाटणाऱ्यांना सवलत नाही. घटनेत थेट सहभागाचा आरोप असलेल्यांना, पाच वर्षं झाली असतील आणि पुढच्या सहा महिन्यांत खटला संपत नसेल, तर जामीन. कटात नाव गोवल्यासारखं असलेल्यांना त्याहून लवकर. म्हणजे धोक्याप्रमाणे मुदत, पण मुदत. संसदेला हेच यूएपीएत एका दुरुस्तीने लिहिता येईल. २००८ ची तरतूद दोन-तीन दिवसांत मंजूर झाली होती, त्यामुळे वेळ लागतो अशीही सबब नाही.

राहिला भरपाईचा प्रश्न. मालेगावच्या निकालात न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख आणि जखमींना पन्नास-पन्नास हजार देण्याचा आदेश दिला. निर्दोष सुटलेल्यांनी आत काढलेल्या वर्षांसाठी मात्र आपल्याकडे कायदाच नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तसा कायदा करा म्हणून सुचवलंय. तो अहवाल अजून अहवालच आहे.

त्याच २०१८ साली महाराष्ट्र सरकारने मिसाबंदींसाठी मानधन सुरू केलं होतं. आणीबाणीत महिन्याहून जास्त काळ बिनखटल्याचा तुरुंगवास झालेल्यांना दरमहा १०,००० रुपये. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते बंद केलं, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा सुरू केलं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मिसाला महिना पुरे. मग मालेगावच्या त्या पाच वर्षवाल्यांचा अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात?"